हत्तीपायाच्या क्लिनिकचा रिव्ह्यू (आठ महिने जाऊन आल्यावर)

५ पैकी साडेतीन द्यायचे होते, अर्धा स्टार देता येत नाही म्हणून चार दाबले, तो वरचा अर्धा तिथल्या सिस्टरचा समजा. दवाखान्याचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि आपल्याला तिथं दर महिन्याला तोंड दाखवायचं असते. धानपट्ट्यातला सरकारी दवाखाना आहे एवढं घ्या, भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोलीकडच्या लोकांना चित्र डोळ्यासमोर येईलच.

पेशंट माझी मोठीआई, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. साठी ओलांडलेली. डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेला, सोळा वर्षं झाले. आणि मी झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म असं दुकान चालवतो, हे सांगायचं कारण पुढं येईल.

आधी सर्व्हिस सांगतो. मंगळवारी असते. ओपीडीत चिठ्ठी काढायची, मग व्हरांड्याच्या शेवटच्या खोलीत जायचं. आम्हाला वाटलं गोळ्या देतील, सुई देतील, पाय बघून मान हलवतील. सिस्टरनी काय केलं तर एका पाटासारख्या ठेंगण्या स्टुलावर बसल्या, समोर प्लास्टिकचा टब ठेवला आणि मोठीआईला म्हणाल्या, "आजी, पाय द्या इकडं." मोठीआईनं लुगडं घट्ट धरलं. सोळा वर्षात त्या पायाला घरातल्या कोणी हात लावलेला नाही हो, तिच्या स्वतःच्या मुलीनं पण नाही, मी पण नाही. ती म्हणे, "तुमी नोका हात लावू बाई, मीच धुतो." सिस्टरनी ऐकलंच नाही. साधं पाणी, गरम नाही. साबण थेट पायावर घासला नाही, आधी स्वतःच्या हातावर फेस केला आणि तो फेस वरून खाली लावत आणला, कातडीच्या घड्यांमध्ये बोटानं हळूहळू. मग पायाच्या बोटांच्या मधात गेल्या. तिथं एक एक बोट वेगळं करून बघत होत्या, मोबाईलचा टॉर्च मला धरायला लावला. करंगळी आणि तिच्या बाजूच्या बोटाच्या मधात पांढरी पडलेली, भिजून मऊ झालेली कातडी होती आणि तिच्यात एक चीर, नखभर पण नसेल. सिस्टर म्हणाल्या, "हे बघा. ताप इथून येतो."

मी तर बघतच राहिलो. वर्षातून पाच-सहा वेळा मोठीआईला हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लालबुंद व्हायचा, जांघेत गाठ यायची, चार दिवस खाटेवर. घरात सगळे म्हणायचे की रोगच उसळी मारते, पाय "उठला". आणि कारण काय तर ही चीर. जंतू तिथून आत शिरतात आणि सुजलेल्या पायात पाणी साचून असल्यामुळे त्यांना आवरायची ताकद तिथं राहत नाही. प्रत्येक तापागणिक पाय आणखी थोडा जाड आणि टणक होतो. रोवणीच्या टायमाला हा पाय दिवसभर बांधीतल्या चिखलात असायचा, म्हणजे विचार करा.

मग टॉवेलनं टिपून घेतलं, रगडायचं नाही. बोटांच्या मधातलं पाणी सुती कापडाच्या पट्टीनं काढलं, मलम लावलं. घरी रोज हेच करायचं, रात्री खाटेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवायच्या, बसल्या जागी पंजा वर-खाली करायचा, चप्पल सैल घालायची. ताप आला तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, थेट दवाखान्यात यायचं. टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा किट फुकट मिळाला. टब चांगल्या क्वालिटीचा आहे, इतका चांगला की मार्चमध्ये आमच्या वहिनीनं तो मोहफुलं वेचायला नेला आणि त्याच्यावरून घरात जे महाभारत झालं ते इथं लिहीत नाही.

रिझल्ट. आठ महिन्यात ताप फक्त एकदा, तो पण एका लग्नात दोन दिवस धुणं चुकलं तेव्हा. पाय बारीक झाला का? नाही. थोडा मऊ झालाय, वास गेला, कातडी चांगली दिसते, पण बारीक नाही झाला आणि सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इतक्या वर्षाची सूज पूर्ण जात नाही. मोठीआई अजून त्याच्यावर नाराज आहे. तिच्या हिशोबानं हा रिव्ह्यू दोन स्टारचा आहे.

आता मला जे खरं लिहायचंय ते. दवाखान्यात कोणाही नवीन माणसाला कळलं की सोळा वर्षांपासून आहे, की पहिला प्रश्न ठरलेला, "इतके दिवस काय करत होत्या?" चिठ्ठी काढणारा विचारतो, बाजूला बसलेली पेशंटची सोयरी विचारते, शिकाऊ डॉक्टर होते त्यांनी तर इंग्लिशमध्ये एकमेकांत बोलून मान हलवली. सगळ्यांचं धरून चाललेलं असते की खेड्यातली बाई, अडाणी, अंगारे धुपारे करत बसली असेल. आणि केले ना अंगारे धुपारे, नाही म्हणत नाही. लेप लावले, कोणी सांगितलं म्हणून निंबाचा पाला बांधला, एका जाणत्यानं लिंबू उतरवला. पण ते नंतर. मोठीआई पहिल्या महिन्यातच सरकारी दवाखान्यात गेली होती.

हे मला माहीत आहे कारण तिच्याजवळ कागद होता. एका दवाखान्यात, कोणता ते नाही लिहीत, तिला सूज आल्यावर रक्त तपासायला पाठवलं, रक्त काढलं सकाळी अकराच्या सुमारास, आणि चिठ्ठीवर लिहून दिलं की मायक्रोफायलेरिया निल. निल म्हणजे काही नाही, एवढं तिला कोणीतरी वाचून दाखवलं. ती चिठ्ठी तिनं रेशनकार्डच्या पिशवीत ठेवली, नंतर ती फाटायला लागली तेव्हा माझ्याकडं घेऊन आली आणि मी, याच हातानं, ती लॅमिनेट करून दिली. पैसे पण नाही घेतले, फार उपकार केल्यासारखा. त्याच्यानंतर कोणी म्हटलं की जाऊन ये, तर तिचं एकच उत्तर, "काहाले जाऊ? माह्या रक्तात तं काई निंगालं नाई, कागद हाये माह्यापाशी."

सिस्टरनी तो लॅमिनेट केलेला कागद उलटसुलट बघितला आणि "इतके दिवस काय करत होत्या" असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "रक्त किती वाजता घेतलं होतं?"

तर भानगड अशी आहे. हत्तीरोगाचे जे बारीक जंतू (चिठ्ठीवरचं मायक्रोफायलेरिया म्हणजे हेच, मोठ्या किड्यांची पिल्लं) रक्तात फिरतात ते दिवसा कातडीजवळच्या रक्तात जवळपास येतच नाहीत, आत फुफ्फुसाकडं दबा धरून राहतात. रात्री वर येतात, सगळ्यात जास्त साधारण १० ते २ च्या मधात, कारण हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणून रक्त रात्री घ्यायचं असते. गावात कधी रात्री नऊ साडेनऊला दवाखान्याची माणसं बॅटरी घेऊन घरोघर फिरतात, कुत्री भुंकतात, लोक दार उघडत नाहीत की हे रात्री कायचं रक्त नेऊन राहिले, ते यासाठीच. दिवसा अकराला घेतलेल्या थेंबात काय सापडणार? आणि त्याच्यावर कळस म्हणजे पाय एकदा कायमचा सुजला की पुष्कळदा रात्रीच्या रक्तात पण जंतू मिळत नाहीत, कारण तोवर मोठे किडे मरून गेलेले असतात, लसिकेच्या (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या) नळ्या मात्र खराब झालेल्याच असतात. म्हणजे त्या निलचा अर्थ "तुला काही नाही" असा कधीच नव्हता. आता दिवसा चालणारी पट्टीची टेस्ट आहे, दहा मिनिटात कळते. अशा रक्ततपासण्यांवर आपल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात पण बरीच वर्षं काम झालेलं आहे. पण मोठीआईच्या नशिबी अकरा वाजताचा थेंब होता.

दुसऱ्यांदा ती गेली तीन-चार वर्षांनी, शहरातल्या एका प्रायव्हेटमध्ये, धान विकल्याचे पैसे घेऊन. तिथं सोनोग्राफी झाली, बाटली लावली आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, आता याला काही इलाज नाही. बस. पाय धुवा, बोटांच्या मधात बघा, विटा ठेवा, यातलं एक अक्षर नाही. बिल मात्र बरोबर झालं.

म्हणजे दोनदा गेली. एकदा सांगितलं काही नाही, एकदा सांगितलं काही होत नाही. तिसऱ्यांदा जायला बारा वर्षं लागली तर त्याला उशीर कोणी केला म्हणायचं?

मधल्या काळात ताप यायचा तेव्हा गावातला सायकलवाला डॉक्टर (आता बुलेट आहे) येऊन सुई टोचायचा, शंभर रुपये. आणि ताप उतरायचा! इथंच सगळा घोळ आहे बघा, हा ताप चार-पाच दिवसात पुष्कळदा आपला आपणच उतरतो. मग चौथ्या दिवशी ज्यानं जे केलं त्याला श्रेय. सुई दिली तर सुईनं गेला, लिंबू उतरवला तर लिंबानं गेला, काहीच नाही केलं तर मारोतीला नारळ कबूल केला होता म्हणून गेला. अशा रोगात कोणाचाच धंदा बसत नाही. ताप आला तर माणूस पळतो पण ताप गेला की पाय तिथंच असते आणि त्याच्याकडं बघायची सवय होऊन जाते.

आणि ह्या पायाची सुरुवात कोणाला दिसते? डास चावतो आज, तोही एकदा चावून होत नाही, वर्षानुवर्षं चावावा लागतो, सूज येते कितीतरी वर्षांनी. लहानपणी गावच्या नालीकाठी झोपली होती त्याचा आणि पन्नाशीच्या आसपास जड झालेल्या पायाचा संबंध कोण लावेल. मोठीआईच्या लेखी पाय रोवणीच्या दिवसात सुजला म्हणजे "पान्यानं सुजला". पहिली दोन वर्षं तर सकाळी उतरायची, संध्याकाळी यायची. तिला कळलं कशावरून की हे वेगळं आहे, तर पायातलं जोडवं निघेना. खोबरेल लावलं, दोरा बांधला, शेवटी सोनाराकडं जाऊन कापून काढलं. नवरा जिवंत असताना जोडवं कापलं म्हणून ती घरी येऊन रडली होती, हे मला आईनं सांगितलं. पाय दुखतो म्हणून ती कधी रडल्याचं कोणाला आठवत नाही.

त्याच्यानंतर लपवणं चालू. लुगडं खाली ओढून नेसायचं, लग्नात चप्पल काढावी लागू नये म्हणून मांडवाच्या बाहेरच बसायचं. ताईची सोयरीक जुळत होती तेव्हा पाहुणे येऊन जाईपर्यंत मोठीआई मागच्या खोलीत. पुरुषांचं तर याच्याहून वाईट, त्यांना हाच रोग अंडाला होतो, पाणी भरते, आणि धोतरात लपते तोवर माणूस कोणाला सांगत नाही. आमच्या गावात एक आजोबा आहेत, सायकलवर बसणं बंद केलं, विचारलं तर म्हणे गुडघा दुखतो. त्यांचं तर छोट्या ऑपरेशननं नीट होऊ शकते, सरकारीत फुकट होते, आणि नेमकं ज्याचं नीट होऊ शकते तोच सगळ्यात जास्त लपवतो. (आजोबांना मी दुकानाच्या मागं नेऊन सांगितलं. बघू.)

इकडं वरोऱ्याजवळ आनंदवन १९४९ पासून आहे तरी महारोगाच्या चट्ट्याबद्दल पण हेच ऐकतो मी दुकानात. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, उलट तिथं काही कळतच नाही, मग दुखत नाही त्याच्यासाठी रोजी कोण पाडेल. औषध फुकट आहे, सहा महिने नाहीतर बारा महिने, माणूस बरा होतो, पण नाव निघालं की लोकांच्या डोळ्यासमोर अजून झडलेली बोटं येतात.

यावरून तक्रार नंबर एक. दवाखान्यात जे पोस्टर लावलंय त्याच्यावर हत्तीच्या पायाएवढा, गाठी गाठी आलेला पाय आहे. असा पाय आमच्या पूर्ण गावात एकाचाही नाही. ज्याची सूज संध्याकाळी येते सकाळी जाते, म्हणजे ज्यानं आत्ता यायला पाहिजे, तो ते पोस्टर बघून खूश होऊन घरी जातो की आपलं तर असं नाही. अरे बाप्पा, जरासा सुजलेला पाय लावा ना फोटोत.

दुसरं. आधी ही खोली ओपीडीच्या लाईनच्या अगदी समोर होती आणि दारावर हातभर अक्षरात "हत्तीरोग". सगळं गाव तिथं सर्दी खोकल्याला आलेलं. मोठीआई पहिल्या वेळी दारापर्यंत आली आणि बोर्ड बघून सरळ बाथरूमकडं वळली, अर्धा तास बाहेर आली नाही. आता खोली व्हरांड्याच्या टोकाला नेली, बोर्ड पण तिथंच आहे पण निदान कोपऱ्यात आहे. हे कोणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही, चांगलं केलं.

मंगळवार हा वार कोणी ठरवला? मंगळवारी तालुक्याचा बाजार आहे. एसटीत पाय ठेवायला जागा नसते, आणि हा पेशंट म्हणजे ज्याच्या पायावर कोणी पाय दिला तर चीर पडते. तिकीट बायांना २०२३ पासून अर्धं आहे ते बरं आहे, पण तिकिटाचं रडणं नाहीच मुळात. रोवणीत तीनशे रुपये रोजी असते, तिची बुडाली, सोबत जाणाऱ्याची बुडाली, माझं दुकान अर्धा दिवस बंद. दवाखाना फुकट आहे पण दिवस फुकट नसतो. जुलै ऑगस्टमध्ये त्या खोलीत जाऊन बघा, चार पेशंट नसतात, आणि नेमकं त्याच दोन महिन्यात पाय चिखलात असतात. महिन्यातून एक दिवस सिस्टरच गावात आल्या तर निम्मे लोक भेटतील, पण त्या एकट्याच आहेत तिथं आणि त्यांच्याकडं दुसऱ्या दोन कामांचे रजिस्टर पण आहेत.

मलम दोनदा संपलेलं होतं, बाहेरच्या मेडिकलमधून आणलं. बायांच्या संडासाला कडी नाही. बाहेर बसायला दोन खुर्च्या, सुजलेला पाय लटकवून तास तास बसायचं आणि आत गेल्यावर ऐकायचं की पाय लटकवून बसू नका.

वर्षातून एकदा हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला येतात त्याच्याबद्दल थोडं लिहितो कारण दुकानात रोज याच्यावर भांडण असते. आमच्याकडं आधी दोन औषधं असायची, डीईसी आणि अल्बेंडाझोल. नागपूर जिल्ह्यात २०१९ च्या सुरुवातीला तिसरं सुरू झालं, आयव्हरमेक्टिन, ते वयावर नाही तर उंचीवर देतात म्हणून सोबत रंगाच्या पट्ट्यांची मोजकाठी आणतात. लोक गोळ्या घेतात आणि डब्यात टाकतात, "जेवून खातो" म्हणून. ते पण बरोबरच आहे म्हणा, उपाशीपोटी घ्यायच्याच नसतात, पण मग टीमनं जेवणाच्या टायमाला यावं, सकाळी दहाला आल्यावर अर्धं गाव शेतात असते. कोणाला गोळी खाल्ल्यावर गरगरलं, ताप आला की झालं, पूर्ण मोहल्ला बंद. खरं म्हणजे पुष्कळदा ज्याच्या अंगात जंतू असतात त्यालाच ते मरताना असा त्रास होतो, पण हे टीमनं आधी सांगायला पाहिजे, नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते. मोठीआई मात्र दरवर्षी समोरच खाते, "कागद निल असला तरी सरकारचं मन मोडू नये" म्हणून.

तर जा. पाय संध्याकाळी जड वाटत असेल, चपलेचा वळ उमटत असेल, जोडवं फिरत नसेल तर आत्ताच जा, आणि कोणी रक्त तपासून निल म्हटलं तर किती वाजता घेतलं ते विचारा. सकाळी साडेनऊला पोचलात तर अकरापर्यंत मोकळे होता, बाजार करून दुपारच्या गाडीनं परत.

मागच्या मंगळवारी मोठीआई येताना दुकानात थांबली. क्लिनिकचं पिवळं कार्ड आहे, त्याच्यावर सिस्टर दर वेळी घोट्याचं माप आणि ताप किती वेळा आला ते लिहितात. ते काढून काउंटरवर ठेवलं, म्हणे, "बाबू, याले बी त्या कागदासारकं प्लॅस्टिक मारून दे, भिजन नाईतं." म्हटलं मोठीआई, याच्यावर दर महिन्याला लिहायचं असते, प्लॅस्टिक मारलं तर सिस्टर लिहिन कुठं? ती थोडा वेळ कार्डाकडं बघत राहिली, मग म्हणाली, "मंग तो जुना वाला कापून त्यातलं प्लॅस्टिक काढता येते का पाह्य." नाही निघत ते. मी तिला दहा रुपयाची चेनवाली पिशवी दिली.